मापनयंत्र आणि लॅपटॉप यांची सिरियल जोडणी

मापनयंत्राने घेतलेल्या नोंदी लॅपटॉपवरील आज्ञावलीत उतरवून घेण्याच्या मार्गांपैकी सिरियल जोडणी (अनुक्रमिक जोडणी) हा एक जुना आणि अद्याप सर्रास आढळणारा मार्ग आहे. या जोडणीत माहितीचे बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. भूजल पातळीचे नोंदक, हवामान केंद्रे, वजनकाटे, विजेचे मीटर, प्रयोगशाळेतील तराजू आणि सर्वेक्षणाची उपकरणे यांत तिचा वापर होतो. रचनेने ती साधी आहे; तरीही यंत्र व आज्ञावली यांचा संवाद होत नाही, ही तक्रार तिच्याबाबत वारंवार ऐकू येते. दोन्ही बाजूंनी परस्परांना ओळखण्याची कोणतीही अंगभूत सोय या जोडणीत नाही, हे त्याचे मूळ कारण होय. वेग, बिटांची रचना, तारांचा क्रम आणि पोर्टचा क्रमांक हे सारे माणसाने आधी जुळवून द्यावे लागते. त्यांपैकी एक जरी चुकले तरी पडद्यावर बहुधा एकच संदेश येतो: यंत्र प्रतिसाद देत नाही.

वरूड परिसरातील महत्त्व

अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला असून संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बागांचे ओलीत मोठ्या प्रमाणात विहिरी व विंधण विहिरी (बोअर) यांवर अवलंबून आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत वरूड व शेजारचा मोर्शी या तालुक्यांची गणना ‘अतिशोषित’ वर्गात होत आली आहे. वर्षभरात उपशासाठी उपलब्ध होणाऱ्या भूजलाच्या १०० टक्क्यांहून अधिक उपसा होऊ लागला, की ते क्षेत्र या वर्गात जाते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी वा उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई करता येते. पाण्याच्या पातळीची नोंद ही त्यामुळे केवळ अभ्यासकांच्या कामाची बाब राहत नाही. कोणाला नवी विहीर खणता येईल आणि कोणाला नाही, येथवर तिचा परिणाम पोहोचतो.

आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. फळ धरल्यानंतरचा मार्च ते मे हा काळ ओलिताच्या दृष्टीने निकडीचा असतो आणि विहिरींतील पाणी याच काळात झपाट्याने खाली जाते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा (स्थापना १९७२) निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. दोन मोजण्यांमधील काळात काय घडले, हे मात्र त्यातून कळत नाही. ती उणीव स्वयंचलित पातळी नोंदक भरून काढतात. महाराष्ट्रात अशा नोंदकांचा पद्धतशीर वापर १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पापासून वाढला. डिसेंबर २०१९ मध्ये आरंभ झालेल्या अटल भूजल योजनेत अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी व चांदूर बाजार या तालुक्यांचा समावेश करण्यात आला.

नोंदकाचा दाबसंवेदक निरीक्षण विहिरीत पाण्याखाली सोडलेला असतो. वरच्या पाण्याच्या दाबावरून तो पातळी काढतो आणि ठरावीक अंतराने स्मृतीत साठवतो. दर सहा तासांनी एक या हिशेबाने वर्षाला १,४६० नोंदी होतात. माणूस लॅपटॉप घेऊन विहिरीपाशी जातो, केबल लावतो आणि या नोंदी उतरवून घेतो. त्या दिवशी जोडणी झाली नाही, तर फेरी वाया जाते. दरम्यान नोंदकाची स्मृती भरली आणि जुन्या नोंदींवर नव्या चढल्या, तर एप्रिलमधली पातळी पुन्हा कधीही मोजता येत नाही.

मानकाचा इतिहास

सिरियल जोडणीचे सर्वाधिक परिचित मानक आरएस-२३२ हे अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये जाहीर केले. टेलिटाइपसारखी उपकरणे मोडेमला जोडणे हा त्याचा मूळ उद्देश होता. त्याची ‘सी’ ही आवृत्ती १९६९ मध्ये आली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. मुळात २५ पिनांचा असलेला जोडक आयबीएमच्या १९८४ मधील पीसी-एटी संगणकापासून नऊ पिनांवर आला. मापनयंत्रांचा मोडेमशी काहीही संबंध नसतानाही त्यांच्या केबलींत मोडेमच्या काळातील संज्ञा व तारा आढळतात, त्या या वारशामुळे. आजच्या गोंधळाचा बराचसा भाग याच वारशातून आला आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लॅपटॉपवरून नऊ पिनांचे पोर्ट हळूहळू नाहीसे झाले. यंत्रे मात्र पंधरा-वीस वर्षे टिकतात. परिणामी जुने यंत्र आणि नवा लॅपटॉप यांच्यामध्ये यूएसबी-सिरियल रूपांतरक नावाचा तिसरा घटक आला आणि दोषांच्या शक्यता वाढल्या.

संकेताचे स्वरूप

आरएस-२३२ मध्ये शून्य हा बिट अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट, तर एक हा बिट उणे ३ ते उणे १५ व्होल्ट या दाबाने दर्शवला जातो. मधला पट्टा अनिश्चित मानला जातो. काहीही पाठवले जात नसताना तार उणे दाबावर स्थिर असते, ही गोष्ट पुढे निदानात फार उपयोगी पडते.

प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे जाते. आधी एक आरंभ बिट, मग सात किंवा आठ माहितीचे बिट, हवा असल्यास एक पॅरिटी (समता) बिट आणि शेवटी एक किंवा दोन विराम बिट असा क्रम असतो. वेळ दाखवणारी वेगळी तार नसते. आरंभ बिट दिसल्यापासून ग्राहक आपल्याच घड्याळाने काळ मोजतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर दाब पाहतो. दहाव्या बिटापर्यंत साचणारी चूक अर्ध्या बिटापेक्षा कमी राहिली पाहिजे; म्हणून दोन्ही बाजूंच्या घड्याळांत एकूण सुमारे पाच टक्क्यांपेक्षा अधिक फरक चालत नाही. ‘९६००, ८, पॅरिटी नाही, १’ या नेहमीच्या मांडणीत एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे जातात. एका नोंदीला ३० अक्षरे धरली, तर १,४६० नोंदी पाऊण मिनिटात उतरतात. वेग १२०० असेल तर त्याच कामाला सहा मिनिटे लागतात. एवढ्या अवधीत लॅपटॉप झोपी जाऊ शकतो किंवा वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट बंद करू शकतो. अर्ध्यावर तुटणाऱ्या उतरणीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. वीजबचतीची ती सोय आधीच बंद ठेवावी.

निदानाचा आरंभ: लूपबॅक चाचणी

जोडणी होत नसताना आज्ञावलीतील निरनिराळ्या खिडक्या उघडून अंदाजाने आकडे बदलत बसणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, की कोणती बरोबर होती हेही कळेनासे होते. त्याऐवजी प्रश्नाचे दोन तुकडे करावेत: दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे की यंत्राच्या?

यासाठी केबलचे यंत्राकडील टोक मोकळे करून त्यातील २ व ३ क्रमांकांच्या पिना एखाद्या कागदी क्लिपने एकमेकींना जोडतात. नऊ पिनांच्या संगणकीय पोर्टवर ३ ही प्रेषणाची, २ ही ग्रहणाची आणि ५ ही भूतारेची पिन असते. २ व ३ जोडल्या, की लॅपटॉपने पाठवलेले अक्षर त्याच्याकडेच परत येते. पुट्टी किंवा टेराटर्म यांसारख्या टर्मिनल आज्ञावलीत संबंधित पोर्ट उघडून कळ दाबावी. अक्षर पडद्यावर उमटले, तर मार्ग मोकळा आहे. आज्ञावलीतील ‘स्थानिक प्रतिध्वनी’ ही सोय आधी बंद करावी, अन्यथा काहीही जोडलेले नसताना अक्षरे उमटतात आणि चाचणी फसवी ठरते. अक्षर परत आले नाही, तर हीच चाचणी केबल काढून थेट रूपांतरकाच्या तोंडाशी करावी. तेथे ती यशस्वी झाली, तर दोष केबलमध्ये आहे.

या चाचणीच्या यशाचा अर्थ नेमका समजून घेणे आवश्यक आहे. चालक (ड्रायव्हर), पोर्ट क्रमांक, रूपांतरक आणि केबलमधील दोन तारा ठीक आहेत, एवढेच तीतून सिद्ध होते. वेग व पॅरिटी बरोबर आहेत की नाहीत हे कळत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा एकच असतो. केबल सरळ आहे की उलटसुलट हेही कळत नाही. विशेष म्हणजे भूतार तुटलेली असली तरी चाचणी यशस्वी होते, कारण दोन्ही दिशांचे संकेत एकाच रूपांतरकाचे असल्याने त्यांना बाहेरच्या भूतारेची गरजच पडत नाही. चाचणी यशस्वी, पण यंत्र मुके, अशा प्रसंगी पाचव्या पिनेची तार सर्वप्रथम तपासावी.

केबल व जोडक

मानकाने दोन प्रकारची उपकरणे कल्पिली होती: संगणकासारखी ‘अंतिम’ उपकरणे आणि मोडेमसारखी ‘दळणवळणाची’ उपकरणे. दोन भिन्न प्रकार जोडताना सरळ केबल लागते. दोन्ही उपकरणे एकाच प्रकारची असल्यास प्रेषण व ग्रहण यांच्या तारा अदलाबदल केलेली, म्हणजे ‘नल मोडेम’ केबल लागते. मापनयंत्रांचे निर्माते या दोहोंपैकी कोणताही प्रकार निवडतात. जोडक नर आहे की मादी, यावरून अंदाज बांधता येतो. खात्री देता येत नाही.

मल्टिमीटर जवळ असल्यास अंदाजाची गरज राहत नाही. यंत्र चालू करून त्याच्या जोडकावरील ५ आणि २, तसेच ५ आणि ३ या पिनांमधील दाब मोजावा. ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास स्थिर दाब दिसेल, ती यंत्राची प्रेषणाची पिन होय. ती लॅपटॉपच्या २ क्रमांकाच्या पिनेपर्यंत पोहोचली पाहिजे. दोन्ही पिनांवर उणे दाब न दिसता ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले, तर ते पोर्ट आरएस-२३२ नसून टीटीएल पातळीचे असते. त्याचा संकेत उलट्या अर्थाचा असतो आणि त्याला आरएस-२३२ ची केबल लावल्यास यंत्रातील मंडल जळू शकते.

विहिरीतील नोंदकांना पुष्कळदा नऊ पिनांचा जोडक नसतोच. गोल जोडक, दूरध्वनीच्या तारेसारखी चौकोनी खुंटी किंवा इअरफोनसारखी पिन अशी त्यांची रूपे असतात. दिसायला सारख्या असलेल्या दोन कंपन्यांच्या केबलींत तारांचा क्रम वेगळा असू शकतो. केबल ज्या यंत्राची तिच्यावर त्या यंत्राचे नाव चिकटवून ठेवणे, हा कार्यालयीन शिस्तीचा भाग वाटला तरी तो उत्तम दोषनिवारक आहे.

यूएसबी-सिरियल रूपांतरक

बाजारात मिळणारे बहुतेक रूपांतरक एफटीडीआय, प्रॉलिफिक, सिलिकॉन लॅब्स आणि डब्ल्यूसीएच या कंपन्यांच्या चिपांवर किंवा त्यांच्या नकलांवर आधारलेले असतात. नकली चिपांचा प्रश्न किरकोळ नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अद्यतनासोबत आलेल्या एका चालकाने नकली एफटीडीआय चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला आणि काल चालणारी केबल आज संगणकाला दिसेनाशी झाली. टीकेनंतर तो चालक मागे घेण्यात आला. प्रॉलिफिकच्या पीएल-२३०३ या चिपेच्या जुन्या आवृत्त्यांना नवे चालक नाकारतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह व ‘कोड १०’ किंवा ही चिप २०१२ पासून बंद झाल्याची सूचना दिसते. यंत्र बिघडले, असा निष्कर्ष अशा वेळी काढू नये. जुना चालक हाताने निवडणे किंवा दुसरा रूपांतरक आणणे हे दोन उपाय उरतात. शेतात जाताना वेगळ्या चिपेचा दुसरा रूपांतरक पिशवीत असावा.

काही यंत्रे पोर्टवरील डीटीआर व आरटीएस या नियंत्रणतारांतूनच आपल्या जोडकातील मंडलाला वीज घेतात. जुन्या लॅपटॉपच्या पोर्टवर उणे-अधिक ११-१२ व्होल्ट मिळत. स्वस्त रूपांतरक जेमतेम पाच देतात. तीच केबल व तीच आज्ञावली जुन्या संगणकावर चालते आणि नव्यावर चालत नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

पोर्टचा क्रमांक

विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला कॉम १, कॉम २ असा क्रमांक देते. रूपांतरकाच्या चिपेत स्वतंत्र अनुक्रमांक नसल्यास हा क्रमांक चिपेशी न जुळता लॅपटॉपच्या यूएसबी खाचेशी जुळतो. त्यामुळे काल डाव्या खाचेत लावलेली केबल आज उजव्या खाचेत लावली, की कॉम ५ चा कॉम ११ होतो आणि आज्ञावली रिकाम्या कॉम ५ कडे वाट पाहत राहते. केबल लावताना व काढताना डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून कोणता क्रमांक प्रकट होतो आणि नाहीसा होतो ते पाहणे, ही खात्रीची परीक्षा आहे. कित्येक जुन्या आज्ञावल्यांना कॉम ४ किंवा कॉम ९ च्या पुढचे पोर्ट उघडताच येत नाहीत. पोर्टच्या प्रगत मांडणीत जाऊन खालचा क्रमांक देता येतो. तो ‘वापरात’ दिसला, तरी बहुधा पूर्वी कधी लावलेल्या व आता नसलेल्या केबलसाठी राखलेला असतो.

एका वेळी एकच आज्ञावली पोर्ट उघडू शकते. टर्मिनल खिडकी बंद न करता मूळ आज्ञावली सुरू केली, तर ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश येतो. दोष शोधण्यासाठी उघडलेली खिडकीच नवा दोष निर्माण करते, असा हा प्रकार. लिनक्स प्रणालीत वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तरी असाच नकार मिळतो.

वेग व पॅरिटी जुळत नसल्यास

पडद्यावर काहीच न येणे आणि निरर्थक चिन्हे येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निरर्थक चिन्हे हे शुभलक्षण मानावे: तारा ठीक आहेत, पोर्ट बरोबर आहे, यंत्र बोलते आहे, फक्त भाषा जुळलेली नाही. यंत्राच्या पुस्तिकेतील वेग पाहावा. पुस्तिका नसल्यास १२००, २४००, ४८००, ९६००, १९२०० या क्रमाने एकेक वेग घेऊन पाहावा. जलविज्ञानातील संवेदकांसाठी वापरले जाणारे एसडीआय-१२ हे मानक १२०० वेग, सात बिट व सम पॅरिटी वापरते. विजेच्या मीटरच्या प्रकाशीय पोर्टावर संवादाचा आरंभ पुष्कळदा ३०० या वेगाने, सात बिट व सम पॅरिटीने होतो आणि मग दोन्ही बाजू वरच्या वेगावर जातात.

पॅरिटीची चूक अधिक फसवी असते, कारण तीत सगळेच बिघडत नाही. यंत्र सात बिट व सम पॅरिटीने पाठवत असेल आणि आज्ञावली आठ बिट व पॅरिटीविना वाचत असेल, तर पॅरिटीचा बिट आठवा माहितीबिट म्हणून वाचला जातो. ज्या अक्षराच्या सात बिटांत एकांची संख्या सम, ते जसेच्या तसे येते. ज्यात ती विषम, ते बदलते. अंकांच्या प्रचलित संकेतांत ०, ३, ५, ६ व ९ हे अंक आणि दशांशचिन्ह शाबूत राहतात, तर १, २, ४, ७ व ८ यांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. पडद्यावर ही अर्धी शाबूत, अर्धी विद्रूप ओळ दिसली, तर निदान तत्काळ होते. पण न ओळखलेली चिन्हे गुपचूप गाळून टाकणारी आज्ञावली असेल, तर जमिनीखाली १२.३५ मीटर असलेली पातळी ०.३५ मीटर म्हणून तक्त्यात जाते. कोणतीही सूचना न देता पाणी बारा मीटर वर आलेले दिसते. पावसाळ्यात ते कदाचित कोणाला खटकणारही नाही. म्हणून उतरवलेल्या नोंदींपैकी शेवटची नोंद त्याच वेळी फितीने हाताने मोजलेल्या पातळीशी ताडून पाहावी.

प्रवाहनियंत्रण

घेणारा थकला तर पाठवणाऱ्याने थांबावे, यासाठी दोन पद्धती आहेत. यंत्रणीय पद्धतीत आरटीएस व सीटीएस या तारा वापरतात. केबलमध्ये केवळ २, ३ व ५ या तीनच तारा असतील आणि आज्ञावलीत यंत्रणीय नियंत्रण चालू असेल, तर आज्ञावली कधीच न येणाऱ्या परवानगीची वाट पाहत बसते. ते बंद करावे किंवा केबलच्या टोकाशी ७ व ८ या पिना जोडाव्यात. दुसऱ्या पद्धतीत थांबण्याची व पुढे जाण्याची खूण म्हणून १९ व १७ या क्रमांकांची अक्षरे माहितीच्या ओघातच पाठवतात. मजकुरासाठी ती चालते. परंतु नोंदकाची द्विमान संचिका उतरवताना हेच क्रमांक माहितीचा भाग असू शकतात. ते खूण समजून गिळले जातात आणि संचिका लहान पडते किंवा मध्येच थांबते.

सतत बोलणारी यंत्रे: वजनकाटे

संत्र्याचा व्यवहार वजनावर होतो तेथे गाडी आधी भरलेली व मग रिकामी, अशी वजनकाट्यावर (धर्मकाट्यावर) तोलली जाते. काट्याचा दर्शक विचारण्याची वाट न पाहता वजनाची ओळ सेकंदाला अनेकदा पाठवत राहतो. यातून दोन वैशिष्ट्यपूर्ण अडचणी उद्भवतात.

पहिली गमतीची आहे. संगणक सुरू होताना किंवा केबल लावताना पोर्टवर अखंड माहिती येत असली, तर विंडोज त्या काट्याला जुन्या पद्धतीचा सिरियल माउस समजू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ असे नाव दिसते, पडद्यावरचा बाण सैरावैरा धावतो आणि मूळ आज्ञावलीला पोर्ट मिळत नाही. विषाणूचा संशय घेऊन संगणक पुसून काढण्यापूर्वी ती नोंद निष्क्रिय करून पाहावी.

दुसरी अडचण गंभीर आहे. आलेल्या ओळी संगणकाच्या प्रतीक्षास्मृतीत साठतात. आज्ञावली त्या सावकाश वाचत असेल आणि जुन्या ओळी टाकून देत नसेल, तर पडद्यावर दिसणारे वजन काही क्षणांपूर्वीचे असते. गाडी काट्यावर नुकतीच चढत असताना किंवा आधीची गाडी उतरत असताना घेतलेली पावती त्यामुळे चुकू शकते. दर्शकावरील आकडा व पावतीवरील आकडा ताडून पाहणे हा शेतकऱ्याच्या हातातला सोपा उपाय आहे. दोहोंत फरक असेल तर दोष काट्यात नसून जोडणीत आहे, हेही त्यातून कळते.

विद्युत अडचणी

आरएस-२३२ ची केबल सुमारे १५ मीटरपर्यंत विश्वासार्ह मानली जाते. त्यापलीकडे दोन तारांमधील दाबाचा फरक मोजणारे आरएस-४८५ हे मानक (१९८३) वापरतात. ते सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. त्याच्या दोन तारांना ‘ए’ व ‘बी’ म्हणतात, पण कोणत्या तारेला काय म्हणावे याबाबत निर्मात्यांत एकवाक्यता नाही. संवाद होत नसल्यास त्या दोन तारांची अदलाबदल करून पाहण्यात कमीपणा नाही. त्याने यंत्राला अपाय होत नाही.

शेतात लॅपटॉप शक्यतो त्याच्या बॅटरीवर चालवावा. चार्जर पंपाच्या पेटीतून जोडला, तर लॅपटॉपची व यंत्राची भूतार वेगवेगळ्या दाबावर असू शकते आणि तो फरक पाचव्या पिनेतून वाहतो. पंपाचा स्टार्टर पडताच उतरण तुटणे हे त्याचे सौम्य लक्षण. पोर्ट जळणे हे दुसरे. उन्हाळ्यात वऱ्हाडातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे लॅपटॉप सावलीत ठेवणे गरजेचे असते. विहिरीच्या तोंडाशी असलेल्या जोडकावर धूळ व ओलावा यांचा थर बसतो. आज्ञावलीत हात घालण्यापूर्वी तो पुसून घ्यावा.

घड्याळ, दिनांक व स्मृती

जोडणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. बहुतेक आज्ञावल्या जोडणी होताच नोंदकाचे घड्याळ लॅपटॉपच्या घड्याळाशी जुळवण्याची तयारी दाखवतात. लॅपटॉपचेच घड्याळ चुकलेले असेल, तर ती चूक पुढच्या प्रत्येक नोंदीत उतरते. लॅपटॉप वैश्विक वेळेवर असल्यास साडेपाच तासांचा फरक पडतो. कृषिपंपांची वीज चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळते. उपशाने पातळी केव्हा खाली गेली आणि केव्हा सावरली, हे तपासताना साडेपाच तासांची चूक रात्रीचा उपसा दिवसाचा ठरवते.

दिनांकाच्या मांडणीचाही घोटाळा होतो. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे, हे लॅपटॉपच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते. १३ तारखेपासून पुढचे दिनांक चुकीच्या मांडणीत अशक्य ठरतात, म्हणून तक्त्यात काही दिनांक उजवीकडे व काही डावीकडे सरकलेले दिसतात. तसे दिसल्यास संपूर्ण संचिका पुन्हा तपासावी, केवळ सरकलेल्या ओळी नव्हेत. न सरकलेल्या ओळीच चुकलेल्या असतात.

नवे अंतर ठरवणे, नोंदक पुन्हा सुरू करणे किंवा त्याची बॅटरी बदलणे यांपैकी काहीही करण्याआधी साठलेल्या नोंदी उतरवून, संचिका उघडून, पहिली व शेवटची नोंद वाचून पाहावी. ‘पुन्हा सुरू करा’ ही आज्ञा अनेक नोंदकांत जुनी स्मृती पुसते आणि आज्ञावली त्याबद्दल एकदाच, तेही बहुधा इंग्रजीत, विचारते.

अलीकडचे नोंदक मोबाइल जाळ्यावरून नोंदी आपोआप पाठवतात. तरीही बसवताना त्यांना पहिली मांडणी देण्याचे काम पुष्कळदा केबलनेच होते. सिमकार्ड बंद पडले, संदेशक बिघडला किंवा विहीर जाळ्याच्या कक्षेबाहेर असली, तर मधल्या काळातील नोंदी नोंदकाच्या स्मृतीतच असतात आणि त्या आणण्यासाठी लॅपटॉप, रूपांतरक व योग्य केबल घेऊन विहिरीपर्यंत जावे लागते.